औषधाला दाद न देणारी बुरशी आणि आमचे हातमोजे

एप्रिल २०२१ मध्ये मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करत होते. हे पद नेमके कशासाठी असते, ते बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. रुग्ण जो आजार घेऊन येतो तो बरा करणे हे डॉक्टरांचे काम, आणि रुग्णालयात आल्यावर त्याला दुसरे काही चिकटू नये हे पाहणे आमचे. दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ होतात की नाही, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे, म्हणजे सेंट्रल लाइनचे, ड्रेसिंग केव्हा बदलले, लघवीची नळी अजून खरेच लागते आहे का, हे रोज वॉर्डात फिरून पाहायचे, वहीत नोंदवायचे आणि प्रसंगी वाईटपणा घेऊन बोलायचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ही वही मागे पडली. किती पीपीई किट शिल्लक आहेत, आज आपल्यापैकी कोण पॉझिटिव्ह निघाले आणि त्याच्या जागी रात्रपाळीला कोण उभे राहणार, एवढ्यातच दिवस संपत असे. त्याच दिवसांत आमच्या अतिदक्षता विभागात औषधांना दाद न देणारी एक बुरशी शिरली आणि कित्येक आठवडे मुक्काम करून राहिली. ती कशी ओळखली, कशी पसरली होती आणि तिला बाहेर काढताना काय काय करावे लागले, ते मी जसे पाहिले तसे लिहीत आहे.

बेड क्रमांक ७ वरचे काका १९ एप्रिलला दाखल झाले. वय ६१, बेस्टची बस चालवून निवृत्त झालेले, अंगात जुना मधुमेह. बेड वाटून देणाऱ्या वॉर रूममधून बेड मिळेपर्यंत त्यांचे दोन दिवस घरीच गेले होते आणि त्या दोन दिवसांत कोणीतरी त्यांना घरच्या घरी स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा सुरू करून दिल्या होत्या. ऑक्सिजनवर असलेल्या करोना रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले होते. पण त्या चाचणीतली मात्रा रोज ६ मिलिग्रॅम आणि तीही जास्तीत जास्त १० दिवस, एवढीच होती. पाचव्या दिवशी काकांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. मग मानेत सेंट्रल लाइन आली, लघवीची नळी आली, नाकातून अन्नाची नळी आली. छातीत जंतुसंसर्गाची शंका म्हणून एकामागून एक जहाल प्रतिजैविके सुरू झाली. स्टिरॉइडने साखर चढली आणि प्रतिकारशक्ती दबली, प्रतिजैविकांनी शरीरातले निरुपद्रवी जीवाणूही मारले आणि त्वचेतून थेट रक्तापर्यंत जाणारी एक नळी मानेत बसली. बुरशीला हव्या असतात त्या सगळ्या वाटा त्या एका शरीरात एकाच वेळी मोकळ्या झाल्या होत्या. त्यातली प्रत्येक गोष्ट त्यांचा जीव वाचवण्यासाठीच केलेली होती, हेही मला इथे नोंदवायचे आहे.

३ मे रोजी काकांना पुन्हा ताप भरला. छातीचे चित्र सुधारत होते, ऑक्सिजनची गरज उतरत होती, आणि तरीही रक्तदाब खाली यायला लागला. ड्युटीवरच्या सिस्टरने दोन वेगवेगळ्या जागांवरून ब्लड कल्चर घेतले, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी नमुने घेतले. कल्चर घेणे दिसायला साधे असते, पण किटमध्ये धुके धरलेल्या चष्म्याआडून शीर शोधायची, जागा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरायचे, यातला थांबण्याचा भाग त्या गर्दीत सगळ्यात अवघड होता. रक्त कमी भरले तर बुरशी हाती लागतच नाही. पुरेसे भरले तरी खोलवर पसरलेल्या कॅन्डिडा गटातल्या बुरशीच्या संसर्गात कल्चर जेमतेम निम्म्या वेळा पॉझिटिव्ह येते. त्या सिस्टरने नेमाने भरले होते. ५ मे रोजी पहाटे यंत्राने त्यातल्या एका बाटलीवर खूण केली आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या मॅडमनी काचपट्टी पाहून सकाळी मला फोन केला, “सिस्टर, सातच्या रक्तात यीस्ट आहे.”

रक्तात यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, सापडणे ही कधीही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नसते. त्याच दिवशी फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध सुरू झाले. ८ तारखेला ओळख पटवणाऱ्या यंत्राचा अहवाल आला आणि त्यावर नाव होते कॅन्डिडा हेम्युलोनी. फ्लुकोनॅझोलच्या रकान्यात औषध लागू पडत नसल्याची नोंद होती. हे नाव पाहून मला विशेष काही वाटले नाही. कोणतीतरी कमी आढळणारी कॅन्डिडा, एवढेच वाटले. मॅडमचे तसे नव्हते. आमच्या यंत्राच्या जुन्या माहितीसाठ्यात कॅन्डिडा ऑरिस हे नावच नव्हते, आणि जे नाव ठाऊक नाही त्याच्या जागी ते यंत्र सगळ्यात जवळचे नाव छापत असे, हे त्यांना माहीत होते. दिल्लीतल्या एका अतिदक्षता विभागात २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात १५ करोना रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली होती आणि त्यांपैकी १० जणांत ती ऑरिस होती, हा अहवाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या दहांपैकी ६ जण दगावले होते. मॅडमनी तो वाचलेला होता. त्यांनी काकांच्या रक्तातून वाढवलेल्या बुरशीची एक प्लेट ४२ अंशांच्या उबवणी यंत्रात ठेवली. एवढ्या उष्णतेत हेम्युलोनी वाढत नाही, ऑरिस वाढते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून ती प्लेट दाखवली. फिकट गुलाबी, गुळगुळीत, मोहरीएवढ्या वसाहती पूर्ण प्लेटभर उठलेल्या होत्या. मी आयुष्यात शेकडो प्लेट पाहिल्या असतील, पण त्या प्लेटकडे पाहताना मला जी भीती वाटली ती आजही अंगावर येते. नमुना मॅल्डी-टॉफ हे जंतूंची अधिक अचूक ओळख पटवणारे यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे गेला आणि ११ तारखेला नाव पक्के झाले.

ही बुरशी तशी नवी आहे. २००९ मध्ये जपानमधल्या एका वृद्ध रुग्णाच्या कानातल्या स्रावात ती सापडल्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. त्यानंतर काही वर्षांतच ती भारतासह अनेक देशांतल्या रुग्णालयांत दिसू लागली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्येच तिच्याविषयी रुग्णालयांना सावध केले होते. बाकीच्या बहुतेक कॅन्डिडा माणसाच्या आतड्यात राहतात आणि त्या त्या माणसापुरता त्रास देतात. ऑरिस त्वचेवर राहते, त्वचेवरून कठड्यावर येते, कठड्यावर कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे जिवंत राहते आणि हातावरून पुढच्या रुग्णाकडे जाते. बुरशी असून ती रुग्णालयातल्या हट्टी जीवाणूसारखी वागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार तिथल्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत आणि सुमारे ३० टक्के अँफोटेरिसिन-बी या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधालाही देत नाहीत. उरतो तो इकाइनोकॅन्डिन गटाच्या औषधांचा, म्हणजे कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, ॲनिड्युलाफंजिन यांचा आधार.

मॅडमना शंका आली त्याच दिवशी, म्हणजे ८ मे रोजी, काकांचे फ्लुकोनॅझोल थांबवून कॅस्पोफंजिन सुरू केले गेले. पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, पुढे रोज ५०. औषधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, तयार करण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या आणि ते औषध सलाइनमधूनच द्यायचे. डेक्स्ट्रोजमध्ये ते टिकत नाही. नेमक्या याच आठवड्यात शेजारच्या वॉर्डात काळ्या बुरशीच्या रुग्णांना अँफोटेरिसिन-बी चालू होते आणि ते औषध उलट केवळ डेक्स्ट्रोजमधूनच द्यावे लागते, सलाइनमध्ये त्याचा साका होतो. दोन्ही वॉर्डांत एकाच सिस्टरच्या पाळ्या लागत होत्या. म्हणून मी दोन्ही औषधांच्या ट्रेवर वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त सलाइन’ आणि ‘फक्त डेक्स्ट्रोज’ असे मराठीत लिहिले. मानेतली सेंट्रल लाइन काढली, दुसऱ्या बाजूला नवी घातली. या बुरशीचा थर नळीच्या आतल्या भिंतीला धरून राहतो आणि नळी तशीच ठेवून औषध देत राहिलो तर रक्त स्वच्छ होणे कठीण असते.

त्या दिवसांत रोज संध्याकाळी ५ वाजता काकांची मुलगी व्हिडिओ कॉल करत असे. आई आणि ती दोघीही घरी विलगीकरणात होत्या. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर काळी, पांढरी, पिवळी अशी बुरशीच्या रंगांची चर्चा चालू होती आणि तिने पहिला प्रश्न तोच विचारला, “सिस्टर, पप्पांना काळी बुरशी झाली आहे का? डोळा काढावा लागेल का?” मी तिला समजावले की काळी बुरशी, म्हणजे म्युकर, हवेतल्या बीजाणूंमधून नाकावाटे शिरते, ती एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि पप्पांच्या रक्तात सापडली आहे ती वेगळी. मग तिने विचारले, “मग ही कुठून आली?” त्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. तपास चालू आहे, एवढेच म्हटले. उत्तर मला तोवर कळायला लागले होते.

आमच्या विभागात शिरताना प्रत्येक जण दोन हातमोजे घालत असे. आतला जोडा किटच्या बाहीवर चिकटपट्टीने बंद केलेला, त्यावर दुसरा, आणि काही जणींचा भीतीपोटी तिसराही. सहा तासांच्या पाळीत किट उतरवता येत नसे. तहान, लघवी, पाळीचा त्रास, सगळे त्यातच सोसायचे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना वरच्या हातमोज्यांवर हँडरब चोळायचा आणि पुढे जायचे, अशी पद्धत पडली होती. ती पद्धत आपोआप पडलेली नव्हती. २०२० च्या जूनमध्ये हातमोज्यांचा तुटवडा असताना तशी लेखी सूचना मीच काढली होती आणि माझ्या सहीचा तो कागद डोनिंगच्या, म्हणजे किट चढवण्याच्या, खोलीच्या दारावर तेव्हापासून चिकटवलेला होता. तुटवडा सरला, पण कागद तिथेच राहिला. अल्कोहोलचा हँडरब उघड्या हातावरच्या या बुरशीला मारतो, यात शंका नाही. पण घामाने, मलमाने आणि चिकटपट्टीच्या गोंदाने माखलेल्या, सहा तास घातलेल्या रबरावर तो हाताइतका सर्वत्र पोचत नाही, आणि अंगावरचा गाऊन तर बारा रुग्णांना वाकून स्पर्श केलेला एकच असतो. किट आमच्या जिवासाठी होते आणि त्याने आमचे जीव राखले. पण त्या किटच्या बाहेरच्या बाजूला काय साठत आहे आणि ते कोणाच्या अंगाला लागत आहे, हे पाहणे ज्यांचे काम होते त्यांत पहिली मी होते.

फ्लोरिडातल्या एका रुग्णालयाच्या करोना विभागात २०२० च्या उन्हाळ्यात हेच झाले होते. तिथे तपासलेल्या ६७ रुग्णांपैकी ३५ जणांच्या त्वचेवर ऑरिस निघाली होती, आणि कर्मचाऱ्यांनी एकावर एक चढवलेले गाऊन आणि हातमोजे, तसेच न पुसलेली फिरती उपकरणे यांकडे तिथल्या तपासाने बोट दाखवले होते. तो अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅडमनी मला तो मे महिन्यात दिला तेव्हा तो वाचून मी उठले आणि दारावरचा कागद काढला. त्या दिवसापासून दोन रुग्णांच्या मध्ये वरचा हातमोजा काढून टाकायचा, आतल्या हातमोज्यावर हँडरब घ्यायचा, नवा वरचा जोडा घालायचा, आणि किटवर प्लास्टिकचा साधा एप्रन घालून तो प्रत्येक बेडला बदलायचा, असे ठरले. सिस्टरांपैकी काहींना ते पहिल्या दिवशी जाच वाटले, आणि का वाटू नये? एका पाळीत एकेक जण चाळीस वेळा हातमोजे बदलत होती. मी तीन दिवस त्यांच्याच पाळीत किट घालून उभी राहिले आणि प्रत्येकीबरोबर बदलले. चौथ्या दिवशी मला सांगावे लागले नाही.

मग तपासणी. विभागातल्या अकराही रुग्णांच्या काखेचा आणि जांघेचा स्वॅब घ्यायचा होता. बहुतेक जण बेशुद्धीच्या औषधांखाली होते, तरी प्रत्येकाला नाव घेऊन सांगूनच मी हात लावत होते, पडदा ओढत होते, चादर हवी तेवढीच सरकवत होते. नातेवाइकांना फोनवर विचारून परवानगीची नोंद केली. वाढ दिसायला काही दिवस लागतात. याच काळात मॅडमना आणखी एक गोष्ट आठवली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बेड ४ वरच्या एका बाईंच्या रक्तातही यीस्ट सापडले होते, अहवालात हेम्युलोनी असेच नाव आले होते, फ्लुकोनॅझोल चालू राहिले होते आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या होत्या. करोनाने गेल्या, अशीच सगळ्यांची समजूत होती, आणि फुप्फुसांची अवस्था पाहता ती चुकीची होती असेही मी म्हणू शकत नाही. त्यांचा नमुना प्रयोगशाळेच्या शीतपेटीत जपून ठेवलेला होता. तो पुन्हा वाढवून पाठवला. तीही ऑरिस निघाली. त्या बाई गोऱ्यापान, ठेंगण्या होत्या, शुद्धीवर असताना पाणी दिले की हात जोडत. त्या अहवालाचा कागद हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बराच वेळ बसून होते.

१६ तारखेला स्वॅबचे निकाल आले. काकांशिवाय आणखी चौघांच्या त्वचेवर बुरशी होती. चौघांनाही ताप नव्हता, रक्त स्वच्छ होते. अशा रुग्णांना बुरशीवरचे औषध द्यायचे नसते. नुसती त्वचेवर बसलेली बुरशी औषधाने जात नाही, उलट उरलेल्या एकमेव गटालाही ती सरावण्याचा धोका वाढतो. त्यांना विभागाच्या एका टोकाला काकांच्या रांगेत हलवायचे, त्यांच्यासाठी वेगळ्या सिस्टर आणि वेगळ्या मावशी नेमायच्या, रोज क्लोरहेक्सिडिनने अंग पुसायचे आणि गरज नसलेली प्रत्येक नळी काढायची, असे ठरले. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ मे रोजी, तौक्ते वादळ आले. बीकेसी, मुलुंड आणि दहिसरच्या जंबो करोना केंद्रांतले रुग्ण आधीच इतर रुग्णालयांत हलवले गेले होते, बेडसाठी फोनवर फोन येत होते, बाहेर झाडे कोसळत होती, लोकल विस्कळीत झाल्या होत्या, आणि मी मात्र धुऊन होईपर्यंत रिकामे दोन बेड कोणालाही द्यायचे नाहीत म्हणून अडून बसले होते. बाहेर एखादा माणूस श्वासासाठी तडफडत असताना रिकामा बेड अडवून धरणे यासारखे दुसरे वाईट काम मी केलेले नाही. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी मला विचारले, “किती वेळ?” मी चार तास मागितले. त्यांनी दिले.

ते चार तास मावशींचे होते. विभागात हायपोक्लोराइट हे क्लोरीनचे जंतुनाशक वापरले जात होते, पण ते फरशीला आणि कठड्यांना. मॉनिटरची बटणे, इन्फ्युजन पंप, व्हेंटिलेटरचा पडदा, बीपीचा पट्टा, अशा गोष्टींना क्लोरीन लागले तर त्या खराब होतात म्हणून तिथे तयार वाइप्स वापरत. त्या वाइप्समध्ये चतुर्थक अमोनियम संयुगे ही वेगळ्या प्रकारची जंतुनाशके होती, आणि ऑरिसवर ती संयुगे नीट चालत नाहीत. म्हणजे ज्या ज्या वस्तूला दर पंधरा मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा हात लागतो, नेमकी तीच वस्तू आम्ही या बुरशीपुरती न पुसल्यासारखीच ठेवत होतो. त्या दिवशी आधी साबणपाण्याने मळ काढायचा, कारण मळावर क्लोरीन वाया जाते, मग ताजे बनवलेले हायपो लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे, मग यंत्रांवरून आणि धातूवरून साध्या ओल्या फडक्याने ते उतरवायचे, असा क्रम मी सांगितला. सगळ्यात जुन्या मावशींनी तो ऐकून घेतला आणि बेडच्या कठड्याखाली हात घालून मला दाखवले. “सिस्टर, तुम्ही वरून पुसायला सांगता, कठडा उचलताना हात तर खालून लागतो.” मी वाकून पाहिले. वरून चकचकीत असलेल्या त्या पट्टीच्या खालच्या कडेला बोटांच्या जागी करडा, चिकट थर बसला होता आणि त्यात चिकटपट्टीचे तुकडे अडकले होते. माझ्या तपासणीच्या वहीत ‘बेडचे कठडे’ असा एकच रकाना होता. त्याच संध्याकाळी मी तो खोडून ‘कठडे वरून’ आणि ‘कठडे खालून’ असे दोन केले.

थर्मामीटरचीही गोष्ट अशीच. ऑक्सफर्डच्या एका मेंदूविकार अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ मध्ये ७० रुग्णांना या बुरशीची लागण झाली होती, आणि शोधता शोधता ती काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमान प्रोबपाशी येऊन थांबली होती. आमच्याकडे प्रोब नव्हते, साधे डिजिटल थर्मामीटर होते, पण चार बेडना मिळून एक, आणि तोही काखेतच लावायचा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाजारातून थर्मामीटर आणून प्रत्येकावर बेडचा क्रमांक लिहिला आणि ते दोऱ्याने त्या त्या बेडला बांधले. बीपीचे पट्टे आणि स्टेथोस्कोपही तसेच वाटून दिले.

काकांच्या रक्ताचे कल्चर आम्ही दर दुसऱ्या दिवशी पाठवत होतो. १३ तारखेचे पहिल्यांदा स्वच्छ आले. औषध त्या दिवसापासून पुढे १४ दिवस मोजायचे असते, सुरू केले त्या दिवसापासून नाही; हे मी केस पेपरवर वर्तुळ करून लिहिले, कारण पाळी बदलली की मोजणी चुकते. रक्तातली कॅन्डिडा डोळ्याच्या पडद्यावर बसू शकते म्हणून नेत्रतज्ज्ञांना बोलावले, त्यांनी किट घालून, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकून दोन्ही डोळे तपासले. डोळे स्वच्छ होते. ही बातमी मी मुलीला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मग मी तिला तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. बुरशी रुग्णालयातच लागली, बहुधा आमच्याच हातांवरून किंवा उपकरणांवरून, हे मी तिला स्पष्ट सांगितले. तसे सांगण्याआधी वरिष्ठांची परवानगी घेतली होती. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “बाकीच्यांनाही लागली का?” रागावली असती तर मला सोपे गेले असते.

२७ मे रोजी औषध संपले. जूनच्या मध्यावर काका श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर हात ठेवून दोन शब्द बोलू लागले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरी गेले. इतर चौघांपैकी तिघे घरी गेले, एकजण करोनाच्याच गुंतागुंतीने गेले. त्यांच्या रक्तात बुरशी शेवटपर्यंत सापडली नाही. विभागात नवीन लागण जूनच्या अखेरीस थांबली, तरी आम्ही पुढे तीन महिने दर आठवड्याला स्वॅब घेत राहिलो.

डिस्चार्जच्या वेळी काकांच्या काखेचा स्वॅब अजून पॉझिटिव्हच होता. ही बुरशी त्वचेवर महिनोन्‌महिने राहू शकते आणि घरातल्या धडधाकट माणसांना तिच्यापासून सहसा काही होत नाही, हात धुणे पुरते. मुलीने कपडे उकळायचे का, ताट वेगळे ठेवायचे का, नातवाला जवळ घ्यायचे का, असे सगळे विचारून घेतले. नातवाला जवळ घ्या, असे मी सांगितले. पण पुन्हा कधी कुठल्याही रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर दारातच हे सांगायचे, हेही सांगितले, आणि डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने बुरशीचे नाव, स्वॅबची तारीख आणि आमच्या विभागाचा दूरध्वनी लिहिला. काही ठिकाणी हे वाचून बेड नाकारतील, ही भीती मुलीला होती आणि मलाही होती. तरीही ते लिहिणे भाग होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात सगळ्यात वरच्या गटातल्या चार नावांत कॅन्डिडा ऑरिस होते. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिचे वंशनाम बदलून कॅन्डिडोझायमा केले आहे, त्यामुळे नव्या सिस्टरना शिकवताना मी आता दोन्ही नावे फळ्यावर लिहिते. ४२ अंशांवर वाढलेल्या त्या प्लेटचा फोटो मॅडमनी मला दिला होता, तोही दाखवते.

२०२३ च्या पावसाळ्यात एका दुपारी विभागाचा फोन वाजला. उपनगरातल्या एका लहान रुग्णालयातून सिस्टर बोलत होत्या, आवाजावरून अगदी तरुण वाटल्या. त्यांच्याकडे हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी एक गृहस्थ आले होते आणि त्यांच्या मुलीने सगळ्या कागदांच्या वर एक जुने कार्ड ठेवले होते, लाल शाईचे. “मॅडम, हे काय आहे ते आम्हांला माहीत नाही, पण त्या म्हणतात आधी तुम्हांला विचारल्याशिवाय बेडवर घेऊ नका.” मी तिला वेगळी खोली, स्वॅब, हातमोजे, एप्रन असे एकेक सांगत गेले आणि ती लिहून घेत होती, मधूनच मागच्या कोणालातरी ओरडून सांगत होती. शेवटी तिने विचारले की मॉनिटर पुसायला त्यांच्याकडे वाइप्सचा डबा आहे, तो चालेल का. मी तिला डबा हातात घेऊन मागच्या बाजूचे बारीक अक्षरांतले घटक वाचायला सांगितले, आणि ती एकेक अक्षर लावत वाचू लागली.